डॉक्टरबाय पाणी मागतात

१९ जानेवारी १९९७, रविवार

हळदीकुंकू दणक्यात झालं. दादर सोडून इकडे वसईजवळ बोळिंजला येऊन तीन वर्षं झाली, तरी कॉम्प्लेक्समधल्या बायका अजून आम्हाला 'नवीन बिऱ्हाड' म्हणायच्या. आज सगळ्यांची तोंडं बंद झाली. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या दिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या जयवंतीबाईंनी गाळणी उजेडात धरून भोकं तपासली. स्वभावाला औषध नाही.

आमच्या सूनबाईंचं मात्र लक्ष कशातच नव्हतं. चेहरा पांढराफटक. तिळगुळाचं ताट हातात आणि पाठ भिंतीला. गुरुवारी ती आणि कौस्तुभ ऑफिसातून उशिरा आले, तेव्हापासून अश्लेषाचं हे असंच चाललंय. पोटात दुखतं म्हणते. हल्लीच्या मुलींना आडवं व्हायला नुसतं निमित्त लागतं. सकाळी कौस्तुभ मागे लागला होता, "आई, हिला दोन तास बोरिवलीला नेऊन आणतो. काम आहे." मी म्हटलं, "घरची सून जागेवर नाही आणि हळदीकुंकू करायचं? उद्या जा." तर म्हणतो, "उद्या उपयोग नाही." रविवारी कसलं आलंय काम? सिनेमाची तिकिटं असणार. मी जाऊ दिलं नाही.

जयवंतीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलंच, "काय सरोजिनीबाई, गोड बातमी कधी?" मी म्हटलं, "आमच्याकडे तीन महिने भरल्याशिवाय तोंड उघडायची पद्धत नाही. माझ्या आईने मला घातलेला दंडक आहे तो, मी पाळला, माझी सूनही पाळेल." सगळ्या हसल्या. अश्लेषा ताट घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

गाळण्या आणखी चार आणायला हव्या होत्या.

९ मार्च

शाळेतून निवृत्त झाल्यापासून लाल पेन नुसतं पडून आहे, म्हणून ह्यांना रोजच्या पेपरातल्या चुका वाचून दाखवायचे. त्यांनीच बहुधा कंटाळून कुठेतरी शब्द टाकला असावा. वसईच्या एका महिला मंडळाकडून निरोप आला. तिथे डॉ. उर्सुला म्हणून एक जुन्या डॉक्टर आहेत, आता बहात्तर वर्षांच्या. बायकांच्या आजारांवर आणि बाळंतपणांवर पूर्वी कसं संशोधन झालं, त्यात त्यांनी काय पाहिलं, याचं एक छोटं पुस्तक मंडळाला काढायचंय. डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि सगळा अभ्यास इंग्रजीत झालेला. त्या सांगणार, मी लिहिणार.

आज गेले. केळीची वाडी, विहीर, कौलारू घर. बाई सडसडीत, सुती साडी, गळ्यात बारीकसा क्रॉस. मला पाहताक्षणी म्हणाल्या, "तुम्ही टीचर ना? मग एक सांगून ठेवते. माझं मराठी सुधारायचं, पण माझं म्हणणं सुधारायचं नाही."

मी म्हटलं, बघू या. मनात म्हटलं.

३० मार्च

आज खरी सुरुवात झाली. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण डॉक्टरांनी सांगितलेलं कळलं.

त्रेपन्न साली डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिकाऊ होत्या. तिथे दरवर्षी काही बाळं जन्मल्यावर एक-दोन दिवसांत हळदीसारखी पिवळी होऊन मरायची. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या आयांचं पहिलं मूल ठणठणीत असायचं. मग दुसरं जायचं, तिसरं जायचं. त्याचं कारण तोवर परदेशात सापडलं होतं. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बापाचं पॉझिटिव्ह असलं, की बाळाचं बापासारखं असू शकतं. बाळाचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. "दारातलं कुत्रं अनोळखी माणसाला पहिल्यांदा नुसतं हुंगतं," डॉक्टर म्हणाल्या, "वास लक्षात ठेवतं. दुसऱ्या खेपेला चावतं. आईच्या रक्ताचं तसंच. म्हणून पहिलं वाचतं."

आपल्याकडे हे किती घरांत होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या साहेबांनी त्यांना विचारलं, वसईची आहेस ना, मग जा, गावोगाव विचारत फिर. अठ्ठावीस वर्षांची अविवाहित मुलगी, सायकलवरून, दुसऱ्यांच्या बाळंतपणांची चौकशी करत! मला तर नुसतं लिहितानाच घाम फुटला.

२० एप्रिल

आज आमचं पहिलं भांडण.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला त्या घरोघर विचारायच्या, "मुलं किती?" बायका म्हणायच्या दोन. दोन लिहून घ्यायचं, पुढच्या घरी जायचं. एकदा एकीने दोन सांगितली, दोन्ही पोरं अंगणात खेळत होती, चांगली मोठी. आणि आत पाळणा टांगलेला, नवाकोरा आणि रिकामा. डॉक्टर म्हणाल्या, "मी त्या दिवशी घरी येऊन सगळे कागद चुलीत घातले. मी जगलेली मोजत होते आणि शोधायची होती गेलेली." तेव्हापासून त्यांनी प्रश्न बदलला. "दिवस किती वेळा गेले होते?"

आता हे पुस्तक छापायचं, चारचौघांत वाचलं जायचं. मी आपलं सभ्यपणे लिहिलं, 'अपत्ये किती झाली.' त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि मला तिथेच पकडलं. "टीचर, हाच तो चुलीत घातलेला प्रश्न." मुकाट्याने खोडलं. माझ्याच लाल पेनाने.

मग पुढचं सांगितलं, ते ऐकून मात्र मी हसून हसून लोळायचीच बाकी होते. प्रश्न बरोबर सापडला तरी उत्तर मिळेना, कारण सासू उंबऱ्यात ठाण मांडून बसलेली. सुनेला विचारलं की सासू उत्तर देणार. तेव्हा डॉक्टर सासूकडे पाणी मागायच्या. माठातलं नको, विहिरीचं ताजं. सासू कुरकुरत उठायची, आणि ती पोहरा ओढून परत येईपर्यंत सून सगळं सांगून मोकळी व्हायची. "या वसईत माझ्याइतकं पाणी कोणी प्यायलं नसेल," म्हणाल्या.

काय एकेक सासवा असतील तेव्हाच्या! घरी येऊन अश्लेषाला सांगितलं. ती हसली नाही. तिला विनोद जरा उशिराच कळतो.

१८ मे

आज डॉक्टरांकडे पाचूबंदरच्या तेरेसाबाई आल्या होत्या, सत्तरीकडे झुकलेल्या, अजून बाजारात मासे घेऊन बसतात. डॉक्टर म्हणाल्या, हिचा एक अख्खा धडा लिहा.

खेड्यात काढलेलं रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत गार न्यायला हवं. बर्फ असायचा फक्त कोळ्यांकडे. तर या तेरेसाबाई पापलेटांच्या पाटीत, बर्फाच्या मधोमध, रक्ताच्या बाटल्या पुरून न्यायच्या. हे काम त्यांनी का पत्करलं, ते त्यांनीच सांगितलं. "माजी लूर्डस झाली ती बरी. मंग दोन पोरगं पिवलं होऊन गेलं. लोकं म्हनायची, तेरेसा पोरं खाते. कोनी माज्या हातचं पानी घेत नव्हतं. ही डॉक्टरबाय आली, माज्या हातून पानी मागून घेतलं, आनि म्हनाली, तुजा काय दोस नाय, तुज्या रगताचा गुन हाय. मी तवाच बोल्ली, तुजं काय वज्जं असंल तं मी नेन."

चौथ्या खेपेला, छप्पन साली, डॉक्टर त्यांना मुंबईला घेऊन गेल्या. बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या नाळेतून थोडं रक्त काढायचं, तेवढंच दुसऱ्या माणसाचं चांगलं रक्त घालायचं, पुन्हा थोडं काढायचं, पुन्हा घालायचं, असं करत अंगातलं जवळजवळ सगळं रक्त बदलून टाकायचं. तो थॉमस. आता चाळिशीचा आहे, आखातात नोकरीला. त्याच्या पाठचा नेल्सन आईसारखाच निगेटिव्ह निघाला, म्हणून त्याला काही झालंच नाही.

मी विचारलं, "तुमच्या हातून वाचलेलं ते पहिलंच का?" डॉक्टर म्हणाल्या, "वाचलेलं पहिलं. केलेलं तिसरं."   मला ही बाई फार आवडायला लागली आहे.

१ ऑगस्ट

गोड बातमी! काल तीन महिने भरले आणि आज सकाळी कौस्तुभने सांगितलं. ह्यांना रडू आवरेना, मलाच त्यांना गप्प करावं लागलं. अश्लेषाने दंडक पाळला हो. एका शब्दाने बोलली नव्हती. मी तिची अलाबला घेतली तर तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. पहिलटकरणीला भीती वाटायचीच.

१७ ऑगस्ट

अश्लेषाच्या कार्डावर बी निगेटिव्ह लिहिलंय!  कौस्तुभ पॉझिटिव्ह आहे. चार महिने तेच लिहितेय मी, मला आता झोप कशी यायची? धावत वसई गाठली.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, "पण पहिल्याला धोका नाही ना?" म्हणाल्या, "पहिलंच असेल तर नाही. बाळंतपण झाल्यावर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यायचं, की आईचं रक्त बाळाला ओळखायलाच शिकत नाही." मग हसल्या. "टीचर, रक्त बदलायला आम्हाला अख्खी रात्र लागायची. हात सुजायचे. मोठी विद्या होती ती. आणि अडुसष्टच्या सुमाराला ती सुई निघाली आणि आमची विद्या धूळ खात पडली. मी त्या दिवशी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली." स्वतःची विद्या निकामी झाली म्हणून मेणबत्ती लावणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

वसईचे डॉ. हर्षवर्धन अश्लेषाला तपासतात, त्यांनीही तेच सांगितलं. पहिलंच आहे, आईच्या रक्तात बाळाविरुद्ध काही तयार झालंय का, ती तपासणी सातव्या महिन्यात करू. उर्सुलाबाईंनी एवढंच विचारलं, "पहिलंच आहे हे त्यांना कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मीच. मी बरोबर गेले होते ना.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती बसलेत. संध्याकाळी दारात रिक्षा थांबली, बघते तर डॉक्टर! आमच्या गणपतीच्या दर्शनाला, वाडीतल्या जास्वंदी घेऊन. मोदक दोन खाल्ले, कळ्या कशा पाडतात ते विचारून घेतलं. मी तर हरखून गेले. जयवंतीबाईंना मुद्दाम बोलावून ओळख करून दिली.

जयवंतीबाई गेल्यावर डॉक्टर अश्लेषाशेजारी बसल्या. तेवढ्यात त्यांना तहान लागली. ह्यांनी फ्रिजमधली बाटली काढली तर म्हणाल्या, गार चालत नाही. टीचर, कोमट आणता का, लिंबू पिळून, चिमूटभर मीठ घालून? आता घरात लिंबू नेमकं नाही. जयवंतीबाईंकडून आणलं, पाणी तापवलं. सगळं करून बाहेर येते तो अश्लेषा डोळे पुसत होती आणि डॉक्टरांनी तिचा हात धरला होता. दिवसांत असं होतं, उगीच रडू येतं. कौस्तुभच्या वेळी मलाही यायचं.

डॉक्टरांनी ते पाणी जेमतेम दोन घोट घेतलं. एवढी धावपळ करून!

११ सप्टेंबर

काही सुचत नाही.

डॉ. उर्सुलांनी सोमवारीच डॉ. हर्षवर्धनना फोन करून ती तपासणी लगेच करायला लावली. आज रिपोर्ट आला. अश्लेषाच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध द्रव्य तयार झालंय. मी त्या हर्षवर्धनांवर तणतणले. म्हटलं, तुमच्या यंत्रात चूक असेल, पहिल्या खेपेला असं होत नाही, मी स्वतःच्या हाताने लिहिलंय.  कौस्तुभ खाली मान घालून उभा. अश्लेषा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात भीती बाळाची नव्हती, माझी होती.

घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले. रविवारचं अर्धं लिंबू अजून तिथेच होतं, सुकलेलं. आणि मला कळलं. माठातलं नको, विहिरीचं ताजं.

मीच की ती उंबऱ्यातली सासू.

१२ सप्टेंबर

अश्लेषाजवळ जाऊन बसले. विचारलं, "दिवस किती वेळा गेले होते?" माझ्याच तोंडून तो प्रश्न ऐकून ती हमसून हमसून रडली.

संक्रांतीच्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी. तिसरा महिना लागलेला. ऑफिसातच त्रास सुरू झाला, तिथून कौस्तुभने बोरिवलीच्या एका दवाखान्यात नेलं, पिशवी साफ करावी लागली. तीन दिवसांच्या आत द्यायचं ते इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं, मागवून ठेवतो, रविवारपर्यंत येऊन घेऊन जा म्हणाले. रविवारी माझ्या गाळण्या वाटायच्या होत्या.

मी म्हटलं, "अगं, मला सांगायचंस तरी." तर म्हणाली, "आई, जे आहे हेच सांगितलं नव्हतं, ते गेलं हे कसं सांगायचं?"

 ते वाक्य मला फार जुनं ओळखीचं वाटलं.

१४ सप्टेंबर

सगळा राग गोळा करून वसईला गेले. म्हटलं, "तुम्ही मला पाणी आणायला पाठवलंत! मला!" डॉक्टर म्हणाल्या, "पाठवलं. चाळीस वर्षं पाठवतेय. त्यावरून भांडायला आलेल्या सासू तुम्ही पहिल्याच." मला एकदम रडू फुटलं. त्यांनी ते फुटू दिलं. मग म्हणाल्या, "टीचर, तुमची काय चूक आणि कोणाची काय चूक, ते पुस्तकात घालू नका. पुस्तकात एवढंच घाला की आता काय करायचं."

आता काय करायचं ते असं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. ते द्रव्य वाढत गेलं तर बाळाला पूर्ण दिवस पोटात ठेवायचं नाही, त्याच्या आधीच बाहेर काढायचं, आणि रक्त बदलायचं. थॉमससारखं. बाळंतपण माहेरी सांगलीला व्हायचं होतं ते रद्द. विहीणबाई इकडे येतील.

मी विचारलं, "वाचेल ना?" त्या म्हणाल्या, "मी खोटं सांगत नाही. थॉमसच्या वेळेपेक्षा फार जास्त आशा आहे. आणि थॉमस वाचला."

९ नोव्हेंबर

पुस्तकाचं काम थांबलंय असं वाटलं होतं, पण डॉक्टर थांबू देत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यांनी पुढे ढकललंय, "सुनेचं होऊ दे" म्हणून. आज म्हणाल्या, संशोधन म्हणजे काय, एक वाक्य लिहा. मी पेन सरसावलं. म्हणाल्या, "विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं." मी म्हटलं, पहिलं मला जमतं. त्या खळखळून हसल्या.

७ डिसेंबर

द्रव्य वाढतंय. मुंबईला नेऊन बाळाभोवतीचं पाणीही तपासून आणलं. फार वाईट नाही, चांगलंही नाही. डॉ. हर्षवर्धन प्रत्येक वेळी उर्सुलाबाईंना फोन करतात आणि त्या प्रत्येक वेळी म्हणतात, "तुमचं मत आधी सांगा." पोरगा गुणी आहे.

रक्त ताजं हवं, ओ निगेटिव्ह. आपल्याकडे असं रक्त असणारी माणसं थोडी. डॉक्टरांनी पाचूबंदरला निरोप धाडला आणि आज तेरेसाबाई त्यांच्या नेल्सनला घेऊन आमच्या दारात हजर. चांगला बाप्या गडी, हात दोरखंडासारखे, बोलताना मात्र पायाच्या अंगठ्याकडे बघणारा. "मी बोटीवर असलो तरी वायरलेस असतो, मावशी. डॉक्टरबाय बोलवतील तेव्हा येईन." तेरेसाबाई अश्लेषाच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "भिऊ नको, बाय. माज्या टायमाला कोन होतं? आता आमी समदी हाव."

जयवंतीबाई गॅलरीतून बघत होत्या. बघोत.

५ जानेवारी १९९८

बुधवारी कळा यायचं औषध लावून बाळंतपण करायचं ठरलं. महिना आधी. नेल्सनची बोट समुद्रात होती, निरोप मिळताच वळवून आणली. बोटीच्या मालकाने, नाखवाने, मासेमारी मधेच सोडली, जाळीसुद्धा पुरती ओढली नव्हती म्हणे. उद्या तो रक्तपेढीत जाणार.

देवापुढे बसले पण स्तोत्र पुढे सरकेना.

८ जानेवारी

मुलगी.

काल संध्याकाळी झाली, लहानशी, पण रडली जोरात. आज उजाडताच पिवळी झाक दिसायला लागली. मला वाटलं होतं हळदीसारखी म्हणजे बोलायची रीत असेल. नाही. खरंच तशी.

सकाळी बालरोगतज्ज्ञ डॉ. ग्लोरियांनी रक्त बदलायला घेतलं. आम्हाला काचेबाहेर उभं केलं, डॉ. उर्सुलांना मात्र त्यांनी स्वतः हात धरून आत नेलं, खुर्ची दिली. त्या कशालाही हात लावत नव्हत्या. दिसतही नव्हतं त्यांना धड. नुसत्या ऐकत होत्या. पण त्यांचे हात मांडीवर होते आणि तिकडे सिरिंज ओढली की यांची बोटं मिटत, सिरिंज ढकलली की उघडत. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. नेल्सनचं रक्त माझ्या नातीच्या अंगात जात होतं. नेल्सन माझ्या शेजारी उभा होता, जपमाळ मुठीत. पलीकडे हे. सहावीतल्या पोरासारखा ह्यांनी माझा पदर धरला होता.

मधेच बाळ थंड पडलं. ग्लोरियांचे हात थांबले. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, एवढंच दिसलं की उर्सुलाबाई काहीतरी हळू म्हणाल्या, नर्सने बाटली पुन्हा कोमट पाण्यात धरली, सगळं सावकाश सुरू झालं. कोमट पाणी. मी काचेला डोकं टेकलं.

दुपारी संपलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर रागावल्या. "ग्लोरियाच्या पडा. मी तर बसून होते." मग नेल्सनचा दंड चाचपून म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या वेळी अर्नाळ्याच्या एकाने दिलं होतं. फिटलं बरं का रे."

२० जानेवारी

घरी आलो. मुलगी गुलाबी आहे. निळ्या दिव्याखाली ठेवली होती, पण रक्त पुन्हा बदलावं लागलं नाही. डोळे उघडून सगळ्यांकडे बघते, तपासनिसासारखी.

१ फेब्रुवारी, रविवार

हळदीकुंकू. घरात ओली बाळंतीण, यंदा कशाला, असं विहीणबाई म्हणत होत्या. मी म्हटलं, यंदाच.

डॉक्टरांना बोलावलं, तेरेसाबाईंना बोलावलं. तेरेसाबाई दारातच घुटमळल्या, "मी रांडाव, बाय, मला कुंकू?" मी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि हळदीची बोटं लावली. जयवंतीबाईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायला वेळ लागला.

मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलंच, सगळ्यांदेखत. "पहिली बेटी, धनाची पेटी! पहिलीच ना हो?"

पूर्वी सगळ्या वर्गाला ऐकू जावं म्हणून जो आवाज लावायचे तो लावला. "नाही. अश्लेषाचं हे दुसरं. पहिलं गेल्या वर्षीच्या संक्रांतीला गेलं. ती याच भिंतीला टेकून उभी होती आणि मी तिला गाळण्या वाटायला लावल्या." बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. मी अश्लेषाकडे बघितलं. आत्तापर्यंत इतकी ताठ बसलेली ती मी पाहिली नव्हती.

तेवढ्यात जयवंतीबाई. त्यांच्या तोंडून कधी हळू आवाज ऐकला नव्हता. "माझी एक होती. पाचव्या महिन्यात गेली. ह्यांच्या आईला सांगितलं होतं पाय घसरला म्हणून." मग तिसऱ्या मजल्यावरची. मग दारात चपला घालून निघालेली एक परत आत येऊन बसली. डॉक्टर सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बसल्या होत्या, आणि कोणी सांगून संपवलं की एवढंच विचारत होत्या, "रक्ताचा ग्रुप ठाऊक आहे?" त्रेपन्न साली सायकलवरून फिरत होत्या तेव्हा अशाच दिसत असतील.

सगळ्या थोड्या शांत झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर काही नाही. "टीचर, घसा सुकला. कोमट पाणी आणता का? लिंबू पिळून?"

अश्लेषा फसकन हसली. तिने सगळ्यांना सांगून ठेवलेलं दिसतंय, कारण सगळ्याच हसल्या.

मी म्हटलं, "आज मी उठणार नाही. मलाही सांगायचंय." कौस्तुभच्या आधी, एकोणसत्तर साली, अडीच महिन्यांचं गेलं. आईने तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी ते जवळजवळ तीस वर्षं पाळलं. सांगितलं तेव्हा आवाज वर्गातला नव्हता, कुठला होता कोण जाणे. अश्लेषाने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी विचारलं, "ग्रुप?" म्हटलं, ओ पॉझिटिव्ह. "मग कारण दुसरं. सांगितलंत, बरं केलंत."

पाणी ह्यांनी आणलं. आईच्या माघारी एकोणसत्तर सालचं माहीत असलेलं दुसरं माणूस तेवढं एकच. पेले दोन होते, कोमट, लिंबू पिळलेले. एक डॉक्टरांना दिला, एक मला.